शमशोन आणि दलीला : बायबलमधून ऑपेरात येताना

प्रश्न : बायबलमधील ‘शास्ते’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात दलीला इस्राएली वीर शमशोनला पकडून देण्यासाठी त्याच्या शत्रूंकडून, म्हणजे पलिष्टी सरदारांकडून, पैसे घेते, फ्रेंच संगीतकार सां-साँसच्या ऑपेरात मात्र ती पलिष्ट्यांच्या मुख्य याजकाने देऊ केलेला मोबदला झिडकारते. हा बदल कशासाठी केला असावा?

उत्तर १ : पैशासाठी फितूर होणाऱ्या स्त्रीच्या जोरावर तीन अंक उभे राहत नाहीत. सूडाने पेटलेल्या दलीलेचे दुसऱ्या अंकातील प्रेमगीत खोटे आहे हे ठाऊक असूनही श्रोता विरघळतो. शमशोनचे बळ ज्यांत होते ते केस कापण्याचा प्रसंग तर रंगमंचावर दाखवलेलाच नाही, आणि ते योग्यच झाले.

उत्तर २ : मूळ योजना ऑरेटोरिओची, म्हणजे अभिनयाविना गायल्या जाणाऱ्या धार्मिक संगीतरचनेची होती, म्हणूनच पहिल्या अंकात समूहगानाचा एवढा भर आहे. बायबलमधील पात्रे रंगमंचावर आणण्यास विरोध असल्याने पहिला प्रयोग फ्रान्सऐवजी १८७७ मध्ये, संगीतकार लिस्टच्या पाठबळाने, जर्मनीतील वायमारला जर्मन भाषेत झाला.

उत्तर ३ : तिसऱ्या अंकाचा आरंभही पाहावा. बायबल जे एका वाक्यात आटोपते, तिथे पलिष्ट्यांनी आंधळा केलेला शमशोन तुरुंगात जाते ओढत गातो आणि त्याचे बंदिवान बांधव पडद्याआडून त्याला दोष देतात.