मदत हवी आहे: युरिक ॲसिड नॉर्मल, पण सोनोग्राफीत अजून गाऊट दिसतो

नमस्कार मंडळी,

बाबांना बऱ्याच वर्षांपासून गाऊट (युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साठून होणारा संधिवात) आहे. आधी पायाचा अंगठा, मग घोटा, आता कोपरावर गाठही आहे. फेब्युक्सोस्टॅट (युरिक ॲसिड कमी करणारी गोळी) सुरू झाल्यापासून युरिक ॲसिड ६ च्या खाली असतं, परवाचा रिपोर्ट ५.४. ठणकाही उठलेला नाही. त्यामुळे बाबांनी घोषा लावलाय, "आकडा नॉर्मल, दुखत नाही, मग गोळी कशाला?" काकाही त्यांना सामील!

अशात डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली. रिपोर्टमध्ये अंगठ्याच्या सांध्यात 'डबल कॉन्टूर साइन' आणि कोपरावर १२ मिमीचा टोफस (म्हणजे याच खड्यांची गाठ). आधीच्या, दुसऱ्या सेंटरच्या रिपोर्टमध्ये टोफस १४ मिमी होता.

रक्त साफ असताना सांध्यात खडे कसे? आणि हे २ मिमी खरंच कमी झालेत का? ड्युअल एनर्जी सीटीचाही विषय निघालाय, पण बाबांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) वाढलेलं असतं, त्यामुळे धास्ती वाटते.

प्रतिसाद १
रक्तातला आकडा आजचा असतो, सांध्यातला साठा वर्षानुवर्षांचा. युरेट (युरिक ॲसिडचंच रक्तातलं रूप) साधारण ६.८ च्या वर गेलं की त्याचे स्फटिक व्हायला लागतात. खाली ठेवलं की जुने विरघळतात, पण हळूहळू. म्हणून गाठी असतील तर काही डॉक्टर ५ च्या खालचं लक्ष्य धरतात. गोळी बंद केली की आकडा परत चढणार. काकांना हे जरूर सांगा.

डबल कॉन्टूर म्हणजे कूर्चेच्या वरच्या पृष्ठभागावर युरेटचा थर बसून दिसणारी पांढरी रेघ. खाली हाडाची एक रेघ असतेच, म्हणून डबल. निरोगी कूर्चेवरही कधी तशी रेघ चमकते, पण प्रोबचा (अंगावर फिरवतात त्या यंत्राचा) कोन बदलला की ती जाते. युरेटची जात नाही. उपचाराने सहसा ही रेघ आधी पुसट होते, गाठींना जास्त वेळ लागतो.

२ मिमीवर मात्र विसंबू नका. मशीन वेगळं, हात वेगळा, मोजण्याची दिशा वेगळी. पुढची सोनोग्राफी शक्यतो त्याच सेंटरमध्ये, त्याच सांध्यांची करा आणि जुन्या इमेजेस सोबत न्या, नुसता कागद नको.

प्रतिसाद २
सीटीबद्दल. दोन वेगवेगळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांनी स्कॅन करून युरेट आणि कॅल्शियम वेगळे ओळखतात. युरेटला बहुधा हिरवा रंग देतात आणि सॉफ्टवेअर त्याचं घनफळ काढतं, त्यामुळे आधी-नंतरची तुलना सोपी जाते. गाठीत नुसते स्फटिक नसतात, भोवती ऊतीही असते. त्यामुळे हाताला गाठ तेवढीच लागली तरी आतलं युरेट घटलेलं असू शकतं.

नखांपाशी हिरवे ठिपके दिसले तर लगेच घाबरू नका, तिथे ते फसवे असतात. उलट बारीक साठे सुटूही शकतात, म्हणून 'काही दिसत नाही' म्हणजे गाऊट नाही असं नव्हे.

धागाकर्ता
दोघांचे आभार. बाबांना डबल कॉन्टूरची इमेज दाखवली, गोळी तूर्तास चालू आहे. आता प्रश्न क्रिएटिनिनचाच. सीटीला डाय (चित्र ठळक यावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) टोचतात ना? किडनीसाठी त्याचीच भीती वाटते.

प्रतिसाद २
गाऊटसाठीच्या या स्कॅनला डाय लागत नाही. तरी अपॉइंटमेंट घेतानाच क्रिएटिनिनचं सांगून ठेवा, आणि चिठ्ठीवर कुठले सांधे बघायचे तेही लिहून घ्या. नाहीतर नुसते पाय स्कॅन होतील आणि कोपर राहील.