भातुकलीवरून मुलाची प्रगती कळते का?

मनूचीआई: लेक साडेतीन वर्षांची. परवा बालवाडीत प्रगतिपुस्तकाऐवजी एक वही हातात दिली. त्यात लिहिलंय, "चार बाहुल्यांना चार वाट्या मांडल्या. पाचवी बाहुली आली तर 'अजून एक हवी' म्हणाली." बाई म्हणतात, मोजणी, भाषा सगळं यातच दिसतं. मला पटलं. सासरे म्हणतात, फी कशाची भरतो?

खडूसबाबा: सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. एका बाईंना जे पोर हुशार वाटतं, तेच दुसरीला वात्रट वाटतं. पहिलीत कुणी वाट्या विचारणार नाही.

कोसबाडकर: हे खूळ नवीन नाही. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत होत्या. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली.

खडूसबाबा: ताराबाई गल्लोगल्ली मिळतात का?

अंगणवाडीताई: १४ वर्षं हेच काम करतेय. अंदाज ठरलेले असतात, मनाचा कारभार नसतो. साधारण तिसऱ्या वर्षी मूल बघून गोल काढतं, चौथ्याला फुली, पाचव्याला त्रिकोण. पण "काढून दाखव" म्हटलं की आईच्या पदरामागे. वाळूत काठी द्या, आपोआप काढतं. खरी रड वेगळीच. आहार, वजन-उंची, मोबाईलवर पोषण ट्रॅकर ॲपमध्ये नोंदी, आणि समोर तीस पोरं. महिनाअखेरीला सगळ्यांपुढे एकच शेरा पडतो, "छान खेळतो". खोटं कशाला बोलू?

पश्चिमवारा: हाच शेरा आम्हाला भोवला. मुलगा शिवणापाणीत सगळ्यांच्या पुढे, म्हणून वहीत "खेळकर, आपल्याच नादात". मागून हाक मारली तर वळत नाही, हे कुणी टिपलं नाही. आम्हीही नाही. चार वर्षांचा झाल्यावर तपासणी केली, दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. खेळ बघा, पण कान-डोळे डॉक्टरकडूनच तपासून घ्या.

अंगणवाडीताई: वाईट वाटलं वाचून. आंधळी कोशिंबीर खेळताना आवाजाकडे वळतो का, एवढं बघितलं असतं तरी शंका आली असती. तपासणी हवीच, तुमचं बरोबर आहे.

मनूचीआई: आमच्या वहीत ऐकण्याबद्दल एक ओळ नाही. आत्ताच उघडून पाहिली.

खडूसबाबा: मग काय बघायचं ते छापून द्या ना सेविकांना. कौतुक घरी करू.

अंगणवाडीताई: छापलेली कार्डं आहेत हो दादा. कपाटात. उद्या वजनाचा दिवस, परवा बैठक.