पीएम किसान : 'लँड सीडिंग नो' आणि 'आधार सीडिंग नो', आधी कुठं जावं? (काटोल, जि. नागपूर)

प्रश्न
वडील वारल्यावर शेत मायच्या नावावर आलं, वारस फेरफार 2021 चा. मायची नोंदणी झाली, ईकेवायसी 'येस' आहे. पण पीएम किसानच्या स्टेटसमध्ये लँड सीडिंग (जमिनीची नोंद योजनेला जोडणं) 'नो', आधार-बँक सीडिंगही (आधार बँकेला जोडणं) 'नो'. बँकवाले म्हणतात आधार लिंक आहे. मग पैसे काऊन येऊन नाही राहिले? आधी तहसीलला जाऊ का बँकेत? राज्याच्या नमो शेतकरी योजनेचा अर्ज वेगळा करावा लागते का?

संत्राबाग
दोन 'नो', दोन वेगळी टेबलं. एकासाठी दुसरं थांबवू नका.

बँकवाला खोटं नाही बोलत, भाऊ. खात्याला आधार जोडलेला असणं वेगळं आणि एनपीसीआयच्या मॅपरवर (कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत जायचे, त्याची यादी) त्या बँकेची नोंद असणं वेगळं. हप्ता आधारवरून निघते, आणि एका आधारला मॅपरवर एकच बँक राहते, शेवटी जिची नोंद झाली ती. मायआधार पोर्टलवर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहा. ओटीपी लागते, म्हणून आधारला जोडलेला मोबाईल जवळ ठेवा. तिथं 'इनॲक्टिव्ह' असेल तर बँकेत डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येणं) आधार सीडिंगचा संमती फॉर्म द्या. नुसती आधारची झेरॉक्स देऊन आलात तर ती केवायसीच्या फाईलला लागते अन् मॅपर जिथल्या तिथं.

सातबारा_आठअ
जमिनीचा 'नो' तहसीलचा. योजनेत जमीनधारणेची तारीख 1 फेब्रुवारी 2019 आहे. त्यानंतर खरेदीनं आलेल्या जमिनीवर लाभ नाही, वारसानं आलेल्यावर आहे. तुमचा फेरफार 2021 चा, म्हणजे नुसता चालू 7/12 दिला तर प्रश्न निघणारच. सोबत वारस फेरफार, मृत्यू दाखला, 8अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), मायचं आधार आणि वडिलांचं नाव असलेला 1 फेब्रुवारी 2019 आधीचा 7/12 जोडा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

वडिलांची नोंदणी होती का? असेल तर ती बंद करायला त्याच अर्जात लिहा. मृत्यूनंतर त्यांच्या खात्यात पडलेले हप्ते परत भरावे लागतात, ते आधीच पाहून घ्या.

फार्मर आयडीही (शेतकऱ्याचा ओळख क्रमांक) काढून ठेवा. त्यात मायच्या नावाचे सगळे गट जोडा. एक गट काटोलात अन् एक नरखेडात असला की दुसरा हमखास राहून जाते. 7/12 वर 'शांताबाई' आणि आधारवर 'शांता' अशी गत असेल तर नाव जुळत नाही म्हणून अडकते.

प्रश्नकर्ता
मायआधारवर 'इनॲक्टिव्ह' दाखवून राहिलं. खात्यात दोनेक वर्षांपासून व्यवहारच नाही.

संत्राबाग
मग खातंच निष्क्रिय झालं असेल. आधी केवायसी देऊन, थोडे पैसे भरून ते चालू करा, मग सीडिंगचा फॉर्म. उलट केलं तर पुन्हा खेटा पडते. बँक फारच घोळवत असेल तर पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत खातं काढा, पोस्टमनकडूनही उघडता येते. उघडतानाच 'डीबीटीसाठी आधार सीडिंग पाहिजे' असं स्पष्ट सांगा. पण मग मायचं बाकीचं अनुदानही तिकडंच जाईल, हे ध्यानात असू द्या.

सातबारा_आठअ
नमोचा वेगळा अर्ज नाही. पीएम किसानच्या लाभार्थ्यांनाच राज्याचे वर्षाला 6000 मिळतात, केंद्राच्या 6000 शिवाय. इथलं 'नो' गेलं की तिथलंही निघते. दोन्ही 'येस' झाल्यावरही हप्ता नाही पडला तर पीएम किसानच्या हेल्पलाईनला, 155261 वर, नोंदणी क्रमांक सांगून विचारा.