रोटरीचा इनटेक पोर्ट: बाजूला की थेट हाउसिंगमध्ये?

उद्यमनगर_टू_स्ट्रोक: यामाहा आरएक्स १००चे पोर्ट (सिलिंडरमधल्या हवा-धुराच्या वाटा) घासून गाडी पळवणारे हात आपल्या कोल्हापुरात पैशाला पासरी. माझं मत, ज्याला ते जमतं त्याला रोटरी इंजिनाचंही (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो ते) जमणार. व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही; तिकडं पिस्टन पोर्ट उघडतो-झाकतो, इकडं रोटर. आणि करायचंच तर थेट पेरिफेरल पोर्ट करा, म्हणजे इनटेक रोटरभोवतीच्या हाउसिंगमधूनच आत. १९९१ला ल माँची २४ तासांची रेस जिंकलेल्या माझदा ७८७बीच्या चारही रोटरना तोच होता.

बिडाचा_माणूस: भावा, पिस्टन पोर्ट पूर्ण झाकतो. पेरिफेरल पोर्ट रोटर कधीच झाकत नाही. रोटरच्या टोकाचं एपेक्स सील वरून गेलं की पोर्ट या चेंबरमधून त्या चेंबरकडं जातो, एवढंच. एक्झॉस्ट उघडा असतानाच इनटेक उघडतो, जळका धूर ताज्या मिश्रणात मिसळतो. वरच्या आरपीएमला चालतंय, आयडलला इंजिन धडपडतंय. १९६७ची एनएसयू आरओ ८० पेरिफेरलवाली, तिला टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे धक्के गिळणारा तेलाचा जोड, लावला होता. त्याच वर्षीच्या माझदा कॉस्मोनं इनटेक बाजूच्या प्लेटमध्ये घेतला.

उद्यमनगर_टू_स्ट्रोक: रेसला आयडल कोण बघतंय?

बिडाचा_माणूस: रेस कसली, तू रंकाळ्यावर भेळ खायला जाणार!

शिरोली_शिफ्ट: बाजूच्या बिडाच्या प्लेटमधला पोर्टही खायचं काम नाही. बंद होणारी कड पुढं नेली की पोर्ट उशिरा बंद होतो, वरची ताकद वाढते, खालची जाते. इथवर टू-स्ट्रोकवाल्याला पटेल. पण कड बाहेर सरकवली तर कॉर्नर सीलचा (रोटरच्या कोपऱ्यातल्या छोट्या सीलचा) आधार जातो, ते पोर्टमध्ये अडकून तुटतं. म्हणून त्या कडेपलीकडं जादा फट कापतात त्या ब्रिज पोर्टमध्ये मधे बिडाची पट्टी राखतात. त्याच्याही पलीकडं पाण्याच्या सीलची खाच. ग्राइंडर जरा घसरला की पाणी आत. शिवाय शाफ्टच्या तीन फेऱ्यांना रोटरची एक, त्यामुळं पोर्ट कधी उघडतो-मिटतो त्याचं डिग्रीतलं टू-स्ट्रोकचं गणित इथं जसंच्या तसं लागत नाही.

उद्यमनगर_टू_स्ट्रोक: म्हणूनच म्हणतोय, बिडाला हात लावूच नका. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगला एक गोल भोक, त्यात स्लीव्ह, बाजूचे पोर्ट बुजवले की झालं. लेथवाल्याचं रोजचं काम.

बिडाचा_माणूस: मग २००३च्या आरएक्स-८ला माझदानं एक्झॉस्टसुद्धा बाजूला का नेला? इनटेक-एक्झॉस्ट एकत्र उघडे राहणंच संपलं. न जळलेलं पेट्रोल बाहेर न जाता पुढच्या फेरीत जळतं.

उद्यमनगर_टू_स्ट्रोक: ते धुराच्या नियमांसाठी. ताकदीचं बोल की.

शिरोली_शिफ्ट: ताकद पेरिफेरललाच जास्त, त्यात वाद नाही. पण ते भोक पाण्याच्या जॅकेटमधून जातं, आणि हाउसिंगला आतून क्रोम असतं. कापताना क्रोमची कड सोलली की एपेक्स सील तिथंच खरडणार. पहिलं भोक भंगारातल्या हाउसिंगवर पाड.

उद्यमनगर_टू_स्ट्रोक: भंगारातलं तरी कुठं मिळतंय इथं?