हवाईतील अवापुही आणि आपला सोनटक्का

प्रश्न: ओआहू बेटावरील एका ओलसर जंगलवाटेवर मला जमिनीतून थेट वर आलेला, बोंडासारखा लाल तुरा दिसला. तो हलकेच दाबताच पारदर्शक, बुळबुळीत रस ओंजळीत उतरला. हा सोनटक्क्याचा प्रकार आहे का?

उत्तर १: कूळ तेच, परंतु ही अवापुही, म्हणजे झिंजिबर झेरुम्बेट, नात्याने ती आल्याला अधिक जवळची आहे. मूळची भारतासह उष्ण आशियातील ही वनस्पती पॉलिनेशियन दर्यावर्दींनी होड्यांतून हवाईला नेली. हिरवा तुरा पुढे लाल होतो आणि त्याच्या खवल्यांमधून फिकट पिवळी, नाजूक फुले डोकावतात. तुम्ही पाहिलेल्या रसाने तेथील लोक केस धूत असत.

उत्तर २: तिच्या सुगंधी कंदाची पूड सालीपासून केलेल्या ‘कापा’ वस्त्रांच्या घड्यांत घालत, हे मला विशेष मोलाचे वाटते. हिवाळ्यात पाने वाळतात. तेव्हा झाड मेले असे समजू नये, कारण कंद जिवंत असतो.

उत्तर ३: सोनटक्काही तेथे रानोमाळ पसरला आहे, मात्र तो नंतर आला. त्याचाच हिमालयीन भाऊबंद ‘काहिली’ तर तेथील जंगलात इतका दाट माजतो की स्थानिक रोपांना रुजायला जागाच उरत नाही. कृपया त्याचे कंद कोठेही नेऊन लावू नयेत.