लेखकाला वही हवीच का?

कोरा_कागद
लिहायला लागलेल्या माणसाला पहिला सल्ला ठरलेला असतो: वही ठेव, रोज दोन पानं लिही, दिसेल ते टिपून ठेव. मला हा सल्ला पटत नाही. वही ठेवणारे जे लेखक माझ्या पाहण्यात आहेत, त्यांच्यातले बरेच जण वहीच लिहितात. सकाळी पानं भरली की आज लेखन झालं असं वाटतं आणि अर्धवट कथा तशीच पडून राहते. त्यात कागद किती जाडीचा, शाई पलीकडे उमटते का, यावर होणारी चर्चा वेगळीच.

शिवाय आठवण ही चाळणी आहे. महिना उलटला तरी जे डोक्यातून जात नाही, त्याच्यावर लिहावं. जे विसरलं ते बहुधा विसरण्याच्याच लायकीचं होतं. वहीत सगळंच राहतं, त्यामुळे कशात दम होता ते कळत नाही. मतं ऐकायला आवडतील, विरोधातली जास्त.

सहज_सुचलं
घ्या मग विरोधातलं. आधी एक गल्लत दूर करू. तुम्ही बोलताय रोजनिशीबद्दल: आज काय झालं, मला काय वाटलं. ती बंद केली तरी लेखकाचं फारसं बिघडत नाही. टिपणवही निराळी. तिच्यात 'मी' जितका कमी तितकं बरं.

आणि चाळणीत उरतं काय, तेही बघा. एका हॉस्पिटलच्या काउंटरवर माझ्यापुढे एक बाई फॉर्म भरत होती. 'रुग्णाशी नाते' या रकान्यात तिनं 'मैत्रीण' लिहिलं, थांबली, खोडलं आणि 'शेजारी' लिहिलं. मी तेव्हाच टिपून ठेवलं म्हणून ते शब्द आणि त्यांचा क्रम माझ्याकडे आहे. नुसत्या आठवणीवर राहिले असते तर महिन्याभरानं 'एक घाबरलेली बाई' एवढंच उरलं असतं. आठवण गोष्टीचा अर्थ ठेवते आणि तपशील टाकून देते. लेखकाला नेमकं उलटं हवं असतं, अर्थ काय तो नंतर लावता येतो.

पेन्सिलवाला
मूळ धाग्याला +१. माझ्याकडे कपाटभर वह्या आहेत, छापून आलेलं काही नाही. जास्त बोलत नाही.

उंबरठा
@कोरा_कागद, काफ्काचं काय करायचं मग? 'द जजमेंट' ही कथा त्यानं २२ सप्टेंबर १९१२ च्या रात्री दहाला लिहायला घेतली आणि सकाळी सहाला संपवली, एका बैठकीत. कुठे? डायरीच्याच वहीत. डायरी आणि कथा यांच्यामध्ये त्यानं भिंत घातलीच नव्हती. हात रोज त्या कागदावर फिरत होता, म्हणून त्या रात्री अडला नाही.

कोरा_कागद
@उंबरठा, उदाहरण छान दिलंत, पण ते माझ्या बाजूनंही बोलतं. त्याच डायऱ्यांत 'आज काही लिहिलं नाही' अशा अर्थाच्या नोंदी किती आहेत! न लिहिण्याबद्दल लिहायची सोय वहीनं करून दिली. ती नसती तर कदाचित ती रात्र आधीच उजाडली असती. हे सिद्ध करता येणार नाही, पण तुमचं 'हात फिरत होता म्हणून' हे तरी कुठे करता येतं?

@सहज_सुचलं, फॉर्मचा तपशील जबरदस्त आहे, मान्य. पण असा एक सापडण्यासाठी किती पानं कचरा लिहावा लागतो, तेही सांगा.

सहज_सुचलं
भरपूर. त्यात वाईट काय? कचरा वहीत झाला, कथेत नाही.

वाचनवेडी
एक मुद्दा राहतोय: वही परत वाचायची असते. नाझींपासून लपून राहिलेल्या ॲन फ्रँकचं बघा. युद्धकाळातल्या डायऱ्या आणि पत्रं युद्धानंतर गोळा केली जातील, असं मार्च १९४४ मध्ये तिनं रेडिओवर ऐकलं. मे महिन्यात ती आपलीच डायरी सुट्या कागदांवर नव्यानं लिहायला बसली. काही वगळलं, काही जोडलं, वाक्यं बदलली. ऑगस्टमध्ये तिला पकडलं. म्हणजे त्या तेवढ्या आठवड्यांत ती पोर स्वतःचीच संपादक झाली होती, आणि हातात आधीच्या वह्या होत्या म्हणूनच ते जमलं.

वही बंद करून कपाटात टाकणाऱ्यांना कोरा_कागद यांचा आक्षेप लागू होतो. वाचणाऱ्यांना नाही. मी पानांना क्रमांक घालते, शेवटची दोन पानं अनुक्रमणिकेसाठी सोडते आणि नोंदीसाठी फक्त उजवं पान वापरते. डावं कोरं राहतं. पुन्हा वाचताना जे सुचतं ते तिथे जातं. बहुतेक डावी पानं कोरीच आहेत, हेही खरं.

अर्धविराम
अवांतर: ठेवा वही, पण घरातलं कुणीतरी ती वाचणार हे धरूनच चाला. सॅम्युअल पीप्स या इंग्रज सरकारी अधिकाऱ्यानं १६६० पासून नऊ वर्षं लघुलिपीत डायरी लिहिली, तरी १८२५ मध्ये ती छापून निघालीच. मी एकदा भावाच्या लग्नातल्या भांडणाबद्दल मनमोकळं लिहिलं होतं. पुढे काय झालं ते विचारू नका. तेव्हापासून फोनवर टिपतो, पासवर्ड घालून.

उंबरठा
फोनवर टिपलेलं परत कोण वाचतं? माझ्या फोनमध्ये 'निळा दरवाजा, मामा!!' अशी नोंद आहे. कुठला दरवाजा, कुठले मामा, देव जाणे.

सहज_सुचलं
तो फोनचा दोष नाही हो. चालता चालता दोन शब्द टिपले तर त्याच रात्री त्यांची दोन वाक्यं करावी लागतात, नाहीतर कागदावरसुद्धा निळा दरवाजाच उरतो.

कोरा_कागद
वाचनवेडींचा मुद्दा मी पुष्कळसा मान्य करतो. परत वाचणार असाल तर ठेवा. पण मग नवोदिताला 'रोज लिही' सांगण्याऐवजी 'महिन्यातून एकदा बसून वाच आणि निम्मं काट' हे सांगा ना. ते कुणी सांगत नाही, कारण ते कंटाळवाणं आहे आणि त्यासाठी सुंदर वही लागत नाही.

बाकी @सहज_सुचलं, ती फॉर्मवाली बाई आली का कुठल्या कथेत?

सहज_सुचलं
आली होती. काढावी लागली. त्या परिच्छेदात ती एकटीच चमकत होती, बाकीची कथा तिच्यापुढे फिकी पडली. पुन्हा वहीत गेली आहे.

पेन्सिलवाला
म्हणजे कपाटातच.

सहज_सुचलं
कपाटात नाही, टेबलावर. डाव्या पानावर आता तिच्या शेजाऱ्याचं नाव लिहिलंय.