आधी बिऱ्हाडं मोजा
पुण्यात नारायण पेठेतला दोन चौकी वाडा स्वस्तात मिळतोय म्हणून हुरळून जाऊ नका. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) किती वारस आणि आत किती भाडेकरू, हे आधी बघा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेली बिऱ्हाडं मालक बदलला म्हणून उठत नाहीत. आमच्या आजोळच्या वाड्यात एकजण महिना २८ रुपये भाडं द्यायचे, तेही मनीऑर्डरने!

वाडा बघायला जाल तेव्हा खिशात पेचकस ठेवा. तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथं टोचा. वरून ठणठणीत सागवान, आत भुसा, असं फार असतं. आणि १९६१ च्या पानशेतच्या पुराचं पाणी कुठवर चढलं होतं, तेही जुन्या शेजाऱ्यांना विचारा.